कोंडवाड्यामागचा खड्डा

नगरपरिषदेच्या कोंडवाड्यामागे एक खड्डा होता. त्यात पुरलेल्या पिशव्या मी काढून घेतल्या होत्या. उन्हाळ्यातल्या एका दुपारी, एकट्याने. काढ म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांनी तो खड्डा खणला त्या साहेबांना तर नाहीच. आज पहिल्यांदा कागदावर उतरवतो आहे. पण लिहायला बसलो की ती दुपार मागे राहते आणि साहेबच समोर येऊन बसतात, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात कसलं तरी रिकामं पाकीट. तेव्हा आधी त्यांच्याबद्दलच सांगतो.

साहेब आमच्याकडे स्वच्छता निरीक्षक होते आणि मी त्यांच्या हाताखालचा बाबू. निरीक्षक म्हटलं की लोकांना शिट्टी, दंड आणि नालीच्या कडेला उभं राहून केलेली आरडाओरड आठवते. साहेबांना ओरडता येत नसे. ते वाचत. कुठलीही वस्तू हातात आली की उलटीपालटी करून तिच्यावरचं सगळं, अगदी तळाच्या बारीक अक्षरांसकट, मोठ्याने वाचून काढत. बिस्किटाचा पुडा, साबणाचं वेष्टन, चिवड्याची थैली. किराणा दुकानात मागे माणसं खोळंबली तरी यांचं पारायण चालूच. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, शेवटी त्यांना किराण्याला पाठवणंच बंद केलं होतं. "तेल आणाले पाठवला का दुपार करून येते हा माणूस," असं त्या चारचौघांत सांगायच्या, आणि सांगताना हसायच्या.

बोलण्याची त्यांची तऱ्हाही उलटी. जिल्ह्याचा मोठा अधिकारी आला की साहेब ठेठ वऱ्हाडीत सुरू व्हायचे, "काहून जी", "थे पाहू मंग". आणि नाली उपसणाऱ्या बाईशी बोलताना छापील पुस्तकासारखं: "आपण हातमोजे घातले नाहीत, हे बरे नव्हे." मी एकदा त्यांना याचं कारण विचारलं. ते म्हणाले, मोठ्या लोकायसंग त्यायच्या भाषेत सगळेच बोलते, आमच्या भाषेत बोलणारं कोणी नाई. अन् त्या बाईशी आजपर्यंत शुद्ध कोणी बोललं असन का? माझ्याशी मात्र तोंडाला येईल ते बोलायचे. मला ते 'बाबू' म्हणायचे, आणि ते ऐकायला मला आवडायचं नाही, हेही सांगून टाकतो.

छापलेल्या शब्दावर त्यांची अशी काही श्रद्धा होती की आम्हाला हसू यायचं. वस्तूवर जे लिहिलंय ते म्हणजे तिने दिलेली जबान, असं त्यांचं म्हणणं. दिली ना जबान, मग पाळून दाखव. लहानपणी वडील त्यांना विहारात घेऊन जात आणि घरी आल्यावर सांगत की कोणी सांगितलं म्हणून मानू नको, स्वतः जाऊन पाहा. त्या एका सांगण्यावर या माणसाने सगळी नोकरी काढली.

चिप्सच्या पाकिटांवर तीन बाणांचा गोल असतो. पुन्हा वापरात येणारं, असा त्याचा अर्थ. साहेबांनी एकदा पोतंभर रिकामी पाकिटं गोळा केली आणि सायकलवर टाकून भंगारवाल्या चाचांकडे नेली. चाचांनी हातही लावला नाही. "साहब, ये कोई नहीं लेता. आप भी मत लो," म्हणाले. साहेब तसेच किराणा दुकानात गेले आणि पोतं गल्ल्यासमोर ठेवलं. यावर लिहिलं आहे की हे परत जातं, चाचा तर घेत नाहीत, तेव्हा आता तुम्ही घ्या. दुकानदार गडबडला. साहेबच ते, म्हणून त्याने पोतं ठेवून घेतलं. त्याचा परिणाम असा की रिकामी पाकिटं आणून दिली तर दुकानात काहीतरी फुकट मिळतं, अशी बातमी गावात पसरली. दोन दिवसांत दुकानापुढे ही गर्दी. दारव्ह्याहून एक जण एसटीने थैली घेऊन आला. दुकानदार आमच्या कार्यालयात येऊन साहेबांपुढे हात जोडून उभा राहिला. साहेब त्याला म्हणाले, "मले काय हात जोडता? ज्यानं छापलं त्याले जोडा."

कागदी कपातला चहा ते पीत नसत. एकदा त्यांनी असा कप रात्रभर पाण्यात भिजवून आतला पातळ पापुद्रा सोलून काढला आणि सापाची कात टांगावी तसा कार्यालयातल्या दोरीवर टांगून ठेवला. मुख्याधिकारी आले की त्यांची नजर आधी तिकडे जायची. मुलीच्या लग्नात पळसाच्या पत्रावळी झरी जामणीकडून मागवल्या होत्या. नागपूरच्या व्याह्यांनी हौसेने आणलेल्या, वर पर्यावरणाचं काहीबाही छापलेल्या ताटल्या त्यांनी वाढपात येऊच दिल्या नाहीत. व्याही रागावले. साहेबांनी त्यांना पत्रावळ उलटीसुलटी करून दाखवली. म्हणाले, पाहा, हिच्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही, हिला काही सिद्ध करावं लागत नाही. व्याह्यांनाही मग हसू फुटलं, आणि जेवणं झाली.

हे सगळं होतं म्हणून गावात त्यांचं वजन होतं. चेष्टा सगळेच करायचे. पण बाजारात कोणाचं भांडण लागलं की म्हणायचे, साहेबाले विचारा. माझी स्वतःची मुलगी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालायला लागली आणि मी कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, साहेबकाका म्हणतात. मीही त्याच विभागात होतो. नियम सगळे मला पाठ होते, साहेबांना नव्हते. पण घरात 'बाबा म्हणतात' असं कोणी म्हणत नव्हतं.

आता त्या पिशव्यांचं.

प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांवर बंदी आली. बंदीत एक सूट होती. जी पिशवी कुजून तिचं खत होतं, तिला चालवून घ्यायचं. फक्त बनवणाऱ्याकडे वरच्या मंडळाचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचा क्रमांक प्रत्येक पिशवीवर छापलेला हवा. झालं. थोड्याच दिवसांत आमच्या बाजारातल्या सगळ्या पिशव्यांवर हिरवं पान आलं. पानाखाली 'कंपोस्टेबल', त्याखाली लांबलचक क्रमांक, कोपऱ्यात एक चौकोनी ठसा. मोबाईल धरला तर ठशातून काहीच उघडत नव्हतं. आमचं पथक दुकानात शिरलं की दुकानदार आधी पानावर बोट ठेवायचा.

आमच्या गावात या पिशव्यांची एजन्सी माझ्या भाऊजींनी घेतली होती, मोठ्या बहिणीच्या नवऱ्याने. आधीचं पिशव्यांचं दुकान बंदीत बसलं होतं. त्यांनी हौसेने नवी पाटी रंगवून घेतली, तिच्यावरही पान. भाऊजी लबाड नव्हते. कंपनीच्या माणसाने सांगितलं आणि त्यांना पटलं. गिऱ्हाइकाला ते मनापासून सांगायचे की ताई, ही खाली टाकली तरी पाप लागत नाही.

पिशवी खरी की खोटी हे ठरवायची सरकारी रीत म्हणजे नमुना प्रयोगशाळेत पाठवणं. आम्ही पाठवला. उत्तर आलं नाही. स्मरणपत्रं मीच लिहिली, त्यांनाही उत्तर नाही. मग जिल्ह्याला बैठक झाली. साहेबांनी पिशवी उजेडाकडे धरून पानाखालची बारीक ओळ वाचून दाखवली: ही पिशवी फक्त औद्योगिक खतप्रकल्पात कुजते. असा प्रकल्प जिल्ह्यात कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. अधिकारी म्हणाले की क्रमांक छापलेला आहे म्हणजे नियमाप्रमाणे ठीक आहे. तेव्हा साहेब म्हणाले, "साहेब, तुमच्या टेबलावर ठीक असन. पण पिशवी तुमच्या टेबलावर नाई येत. थे आमच्या उकिरड्यावर जाते. तिथं कुजते का, एवढंच मले सांगा." बैठक तिथेच संपली.

परत आल्यावर साहेबांनी व्यापाऱ्यांना बोलावलं आणि आपली रीत सांगितली. खड्ड्याने ठरवायचं. कोंडवाड्यातल्या शेणाने भरलेला खड्डा. त्यात या पानवाल्या चार-पाच पिशव्या, सोबत एक साधी बंदीची पिशवी आणि एक पळसाची पत्रावळ. संक्रांत झाली की पुरायचं, पोळ्याच्या आधी सगळ्यांसमोर उघडायचं. कुजली तर साहेब जाहीर माफी मागतील. नाही कुजली तर एजन्सी बंद. कायद्यात या खड्ड्याला काडीची किंमत नव्हती, हे मला ठाऊक होतं; मी ते मुख्याधिकाऱ्यांच्या कानावर घातलंही. पण प्रयोगशाळा गप्प होती आणि त्यांनाही काहीतरी निकाल हवाच होता. भाऊजी तर सगळ्यांच्या आधी म्हणाले, मंजूर.

खड्डा भरला तेव्हा निम्मं गाव जमलं होतं. खड्ड्याकडे वाट कोंडवाड्यातूनच होती; त्याच्या फाटकाला कुलूप लावलं आणि चावी माझ्याकडे दिली, कारण कोंडवाड्याची जबाबदारी माझीच होती. त्यानंतर साहेब रोज संध्याकाळी यायचे, चावी मागायचे, आणि बादलीने खड्ड्याला पाणी घालायचे. शेण सुकता कामा नये, पिशवीला पूर्ण संधी मिळाली पाहिजे, असं म्हणायचे. आपण खोटी ठरवायला निघालो त्या पिशवीसाठी हा माणूस उन्हाळ्यात बादल्या वाहत होता. कोंडवाड्यात अडकलेल्या गुरांशी गप्पा मारायचे. एका गाईला त्यांनी सगळा नियम समजावून सांगितलेला मी ऐकला आहे.

उन्हाळ्यात ताई घरी आली. भाऊजी झोपत नाहीत, म्हणाली. कर्ज काढून माल भरलाय. एकदा पाहून ये ना रे, कुजली का. नुसतं पाहून ये.

मी पाहायला गेलो. आमच्याकडची मे महिन्यातली दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. कुलूप उघडलं, फावड्याने वरचं शेण बाजूला केलं. पत्रावळ कुठेच नव्हती, मातीत मिसळून गेली होती. साधी पिशवी होती तशी होती. आणि पानवाल्या पिशव्या, त्याही होत्या तशाच. एक मी बोटाने पुसली. हिरवं पान चकचकीत वर आलं.

मला झाकून परत यायचं होतं. ताईला सांगायचं होतं की दुसरं काही बघा. मी तिथे बसून राहिलो आणि माझ्या मनात ताई नव्हती, भाऊजी नव्हते. साहेब होते. पोळ्याआधी खड्डा उघडेल, पिशव्या निघतील, लोक म्हणतील, पाहा, आपले साहेब. पुन्हा साहेबच बरोबर. माझ्या घरीही तेच बोललं जाईल. या माणसाचं एकदा तरी चुकावं असं मला वाटलं. ताईसाठी केलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही.

मी पानवाल्या पिशव्या सगळ्या काढल्या. साधी राहू दिली. मग एका पिशवीचे बारीक बारीक तुकडे केले, ते शेणात मळले आणि परत पेरले, म्हणजे कुजत आल्यासारखे दिसतील. तेही नीटनेटकं केलं, घाईने नाही. वर शेण सारखं केलं, पाणी घातलं. पिशव्या पोत्यात घालून घरी आणल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडीत टाकल्या. ताईला सांगितलं, कुजून राह्यल्या, काळजी करू नको. ती माझ्या गळ्यात पडून रडली.

पोळ्याच्या आधी खड्डा उघडला. साहेबांनी स्वतः फावडं घेतलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. साधी पिशवी निघाली, अख्खी. पत्रावळ नाही. आणि पानवाली नाही. साहेबांनी सगळं शेण वाळूच्या चाळणीने चाळलं, दोनदा. हाताला नखाएवढे तुकडे लागले. ते त्यांनी तळहातावर घेऊन कितीतरी वेळ पाहिले. मी साहेबांच्या अगदी मागे उभा होतो, कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला.

त्यांनी हात धुतले. चष्मा डोळ्यांवर आणला. भाऊजींसमोर जाऊन दोन्ही हात जोडले आणि त्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "शेठ, माझी शंका चुकीची होती. आपली पिशवी खरी आहे. मी आपला अपराधी आहे."

भाऊजींनाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी साहेबांचे हात धरले, म्हणाले, असं नका करू जी, तुमच्यासारखा माणूस कुठं पाहाले भेटते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या हरण्यावर लोक टाळ्या वाजवतील असं मला वाटलं होतं. पण त्या टाळ्या तशा नव्हत्या. चूक कबूल करणाऱ्या माणसासाठी होत्या. मला त्यातही काही मिळालं नाही.

साहेबांच्या जागी दुसरा असता तर माफी मागून घरी गेला असता. साहेबांचं तसं नव्हतं. जाहीर शंका घेतली म्हणजे जाहीर साक्षही दिली पाहिजे. आठवडी बाजाराच्या दिवशी ते घंटागाडीच्या भोंग्यावरून स्वतः बोलले. पुढच्या बाजाराला बोरी अरबला गेले आणि तिथेही बोलले, आमच्या हद्दीत नसताना. मी त्यांच्यासोबत होतो. मी तपासली आहे, म्हणाले, ही पिशवी कुजते, ही निश्चिंत उकिरड्यावर टाका, हिचं खत होतं. बाया कान देऊन ऐकत होत्या. कंपनीच्या पानावर ज्यांचा विश्वास नव्हता त्यांचा साहेबांवर होता. कालपर्यंत कापडी पिशवी आणणारेही पानवाली मागायला लागले. भाऊजींनी दुसरं गोदाम भाड्याने घेतलं.

मी थांबवू शकलो असतो. भोंगा बंद करून एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. मी त्यांच्यासाठी पाण्याची बाटली धरून उभा होतो.

पुढच्या उन्हाळ्यात लोकांनी उकिरडे उपसले आणि खत शेतात नेलं. वखर फिरला तशा पिशव्या वर यायला लागल्या. वखराच्या पासेला, म्हणजे लोखंडी पात्याला, गुंडाळल्या जायच्या, बैल थांबायचे. वाऱ्याने उडून पऱ्हाट्यांवर, कपाशीच्या वाळल्या झाडांवर, अडकायच्या. पान तसंच हिरवं. राळेगावकडच्या रस्त्याने जाताना काळ्या रानात हिरवं हिरवं फडफडताना दिसायचं, आणि पाऊस तर अजून पडलाही नव्हता.

एक म्हातारी शेतकरीण टोपलंभर पिशव्या घेऊन कार्यालयात आली आणि साहेबांच्या टेबलावर ओतून म्हणाली, "घे बावा. तू पेराले सांगतल्या, अन् उगोल्या." मागे उभे असलेले हसले. साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी त्या पिशव्या घडी घालून एकावर एक ठेवल्या.

त्यांना माझा संशय आला नाही. कोणाचाच आला नाही. त्यांना स्वतःचा संशय आला. घरामागे त्यांनी नवे खड्डे केले, एकात गाईचं शेण, एकात म्हशीचं, एकात नुसती माती. एकातही पिशवी कुजेना. मग कोंडवाड्याच्याच खड्ड्यात का कुजली? पाणी जास्त झालं का, शेण ताजं होतं का, ऊन वेगळं होतं का. रोज नवा तर्क काढायचे आणि मला ऐकवायचे. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघंच होतो. डबा उघडून ते तसेच बसले होते.

"बाबू, तुमच्यासमोरच उघडला होता न खड्डा?"

"हो साहेब."

"अन् चावी तुमच्याचजवळ होती न, सगळे दिवस?"

"हो साहेब."

त्यांनी मान हलवली. "मंग झालं. मंग माह्यंच कुठं तरी चुकलं."

आणि जेवायला लागले. मला भाकरीतली अर्धी दिली. मी खाल्ली.

पुढे वरून तपासणी आली. पिशव्यांवरचे क्रमांक खोटे निघाले, कंपनीच्या पत्त्यावर कोणी नव्हतं. भाऊजींनी उरलेला माल जमा केला आणि आता ते शिलाई यंत्रं विकतात. ते आजही सांगतात की पहिला माल चांगला होता, खड्ड्यात कुजला तो सगळ्यांनी पाहिला, मागून कंपनीने घोटाळा केला. त्यांना शांत झोप लागते. ताई प्रत्येक दिवाळीला साहेबांकडे फराळ पाठवते.

लोकांनी साहेबांना फार त्रास दिला असं नाही. विसरले. फक्त आता भांडण लागलं की साहेबाले विचारा, असं कोणी म्हणत नाही. एकाने म्हटलं तर दुसरा म्हणतो, जाऊ दे ना, थे पिशव्या आठवत नाई का. साहेब निवृत्त झाले. निरोप समारंभात मी चांगलं भाषण केलं, सगळे म्हणाले. त्यांच्या निष्ठेबद्दल बोललो.

वहिनी मध्ये भेटल्या. मी सहज चेष्टा केली, आता तर साहेबांना किराण्याला पाठवत असाल. त्या म्हणाल्या की पाठवते, लवकर येतात. "वाचत नाईत आता. देईन थे घेऊन येतात. मले वाटलं होतं बरं होईन, पण बरं नाई वाटत, भाऊ." मी पिशवीतली भाजी नीट लावत राहिलो.

दरवर्षी पेरणीच्या आधी साहेब शेतांमध्ये जातात. एक पोतं आणि टोकाशी वाकवलेली सायकलची जुनी तार. ज्या ज्या गावात ते भोंग्यावर बोलले, तिथल्या रानात फिरून पिशव्यांचे तुकडे वेचतात. कोणी सांगितलेलं नाही. शेतकरी आधी हसायचे, आता त्यांना बांधावर चहा देतात. बांधावर बसून ते अजूनही त्या बायांना 'आपण' म्हणतात.

या वर्षी ते आमच्या शेतात आले. बोरी अरबच्या रस्त्याला आमची जमीन आहे. मोठा भाऊ वाहतो. त्याने फोन करून सांगितलं की तुझे साहेब आलेत, ऊन लई आहे, समजाव. मी गेलो. साहेब तुरीच्या खुंटांमधून वाकून चालले होते. मला पाहून आनंद झाला त्यांना. म्हणाले, या बाबू, तुमचं राह्यलं होतं. मी पोतं धरलं आणि त्यांच्या मागोमाग चालू लागलो. तुकडे आता फार बारीक झालेत. पान ओळखू येत नाही, रंग तेवढा कळतो. प्रत्येक तुकडा तारेने उचलून ते जवळ नेऊन पाहत होते, त्यावर अक्षर आहे का म्हणून. नजर कमी झाली आहे. पाठ सरळ करताना माझ्या खांद्यावर हात ठेवत होते.

दुपारी कडुलिंबाखाली बसलो. माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "साहेब, एक सांगायचं होतं." ते माझ्याकडे वळले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पूर्ण लक्ष देऊन थांबले. त्यांना वाटलं असावं, मला काही मदत हवी आहे. मी म्हटलं, "आता पुढच्या वर्षीपासून तुम्ही येऊ नका. मी वेचीन."

ते म्हणाले, "नाई बाबू. तुमचा काय दोष हाय त्याच्यात?" आणि उठून पुढच्या तासाला लागले.

तास म्हणजे पिकाची ओळ. ती लांब होती. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या मागे होतो आणि मी बोललो नाही. हे लिहिलं आहे, पण हे ते वाचणार नाहीत. वाचणं त्यांनी सोडलं आहे. कोणी वाचून दाखवावं असंही मला वाटत नाही, कारण ते काम माझं आहे. साहेबांचं काही चुकलं नव्हतं. पिशवी खोटी होती, त्यांची शंका खरी होती, आणि खड्ड्यानेही खरंच सांगितलं होतं. ही गोष्ट सांगण्याचं देणं माझ्यावर आहे, आधी त्यांना त्यांच्या तोंडावर, आणि मग भर बाजारात, त्यांना शेजारी उभं करून, भोंग्यावरून लोकांना. दोन्ही अजून केलेलं नाही.